दुसरी नालेसफाई पोळ्याच्या आठवड्यात: नागपूरच्या नदीकाठच्या वस्त्यांना आणि झोन कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांच्या खोऱ्यातील सर्व रहिवासी मंडळे व गृहनिर्माण संस्था,
तसेच दहाही झोन कार्यालयांतील अभियंते,
नागपूर

विषय: सप्टेंबरमधल्या तासा-दोन तासांच्या पावसाची तयारी

सप्रेम नमस्कार,

२२ सप्टेंबर २०२३ ला महालक्ष्म्यांचे जेवण होते. घरोघरची भांडी आवरून शहर झोपले आणि मध्यरात्रीनंतर विजांचा पाऊस सुरू झाला. २३ च्या पहाटेपर्यंत, जेमतेम चार तासांत, १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव आधीच काठोकाठ होता. सांडव्यावरून सुटलेले पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर असे उतरत सीताबर्डीत पोहोचले. मोरभवन बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या, लष्कराला बोलवावे लागले, माणसे दगावली. हे सर्वांना पाठ आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगण्यासाठी हे पत्र नाही.

आम्हाला तुमचे लक्ष त्या तारखेकडे वेधायचे आहे. मे महिन्यात साफ केलेला नाला २३ सप्टेंबरला चार महिन्यांचा जुना असतो. जून-जुलैच्या झडीने त्यात माती आणलेली असते, ऑगस्टमध्ये काठची झाडोरा-गवते माजलेली असतात, तलाव भरलेले असतात, जमीन पाणी पिऊन तृप्त असते. शहराची सगळी ताकद मात्र ३१ मेच्या आत खर्च होऊन गेलेली असते. आमची पहिली आणि मुख्य मागणी हीच आहे: नाल्यांची दुसरी सफाई पोळ्याच्या आठवड्यात करा. मारबत निघते तेव्हा शहर रोगराई घालवायला रस्त्यावर येतेच. त्याच आठवड्यात प्रत्येक पुलाखाली माणूस उतरला पाहिजे. त्यानंतर चारच दिवसांनी गणपती बसतात आणि पाण्यात जाणाऱ्या वस्तू वाढतात, हेही कारण आहे.

ही मागणी भीतीपोटी केलेली नाही, तिच्यामागे हिशेब आहे. तो कोणालाही घरी करता येतो.

एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलीमीटर पडला तर ते दहा कोटी लिटर, म्हणजे एक लाख टन पाणी झाले. शहराची हद्द सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सगळीकडे इतका पाऊस पडला तर सव्वादोन कोटी टन. पेंच आणि कन्हानहून आपल्या नळांना रोज जे पाणी येते, त्याच्या हिशेबात हे साधारण महिनाभराचे पाणी, आणि ते चार तासांत डोक्यावर येते.

हे पाणी वर कोण नेते, तेही पाहण्यासारखे आहे. वाफेचे पाणी होताना दर किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. त्या एका चौरस किलोमीटरवरच्या पावसापुरता हिशेब मांडला तर ती जवळपास सात कोटी युनिट भरते. कोराडीचे ६६० मेगावॉटचे तिन्ही संच पूर्ण क्षमतेने दीड दिवस चालवले तर एवढी वीज निघेल. ही उष्णता ढगातल्या हवेला बारा-पंधरा किलोमीटर वर ढकलते, वर गेलेली हवा खालची दमट हवा आणखी ओढून घेते, आणि बंगालच्या उपसागराकडून छत्तीसगडमार्गे ओलावा येत राहिला की ढग हलायच्या ऐवजी एकाच जागी पुन्हा पुन्हा उभा राहतो. त्या शक्तीपुढे आपला कुठलाही पंप, कुठलीही भिंत उभी राहू शकत नाही. आपल्या हाती आहे ती फक्त पाण्याची जमिनीवरची वाट.

आता इशाऱ्यांबद्दल. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर म्हणजे मुसळधार आणि ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार. म्हणजे १०५ मिलीमीटर पाऊस दिवसभर रिमझिम पडला काय किंवा पहाटे दोन तासांत पडला काय, कागदावर दोन्ही 'मुसळधार'च. शेताला पहिला हवा असतो, शहराला दुसरा बुडवतो. शिवाय पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. सकाळी सात ते दहा असा पाऊस झाला तर तो दोन तारखांत वाटला जातो आणि दोन्ही आकडे साधे दिसतात. तिसरी गोष्ट, सोनेगावच्या वेधशाळेत पडलेला पाऊस आणि वाडी-लाव्याच्या उतारावर पडलेला पाऊस एक नसतो. अंबाझरीत येणारे पाणी त्या उतारावरचे असते. म्हणून बातमीतला २४ तासांचा आकडा पाहून कोणी निश्चिंत होऊ नये. तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक इशारा आणि नागपूरच्या डॉप्लर रडारचे (पावसाचे ढग कुठे आहेत ते दाखवणाऱ्या यंत्राचे) चित्र, हे दोन पाहायचे.

आणि स्वतः मोजायचे. यासाठी खर्च नाही. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा चौकोनी डबा घ्या, त्याचे वरचे तोंड कडेला लागून पूर्ण कापून टाका, धार ठोकून बोथट करा. डब्याच्या भिंती सरळ उभ्या असतात, तोंड आणि तळ सारखा असतो, म्हणून आत जितके मिलीमीटर पाणी तितका पाऊस. बादली चालत नाही, कारण ती वर रुंद असते आणि आकडा फुगवून सांगते. डबा गच्चीवर ठेवा, पण कठड्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडून, नाहीतर वाऱ्याने तिरका येणारा पाऊस कठडाच अडवतो. बाहेरून दोन बाजूंना विटा लावून डबा बांधा, विटा आत टाकू नका. स्टीलची पट्टी घालून मोजायचे. पट्टीचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो ना, हे आधी बघा. काही पट्ट्यांना पाच-सात मिलीमीटर कोरी जागा असते आणि तेवढीच चूक प्रत्येक वेळी होते.

चौकीदाराकडे वही, टॉर्च आणि घड्याळ द्या. जोराच्या पावसात दर १५ मिनिटांनी एक नोंद. आमच्या मते १५ मिनिटांत १५ मिलीमीटर ही पहिली खूण: तळघरातल्या गाड्या बाहेर काढायला सुरुवात करायची, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना उठवायचे. अर्ध्या तासात ३० मिलीमीटर ही दुसरी खूण: त्यांना वरच्या मजल्यावर न्यायचे, तळघर पूर्ण रिकामे करायचे, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवायची. आदल्या २४ तासांत आधीच ५० मिलीमीटर झाला असेल तर दोन्ही आकडे निम्मे धरा. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. एक पावसाळा वही ठेवली की तुमच्या गल्लीत पाणी रस्त्यावर कधी येते ते तुमच्या वहीतच दिसेल आणि मग तुमचा आकडा आमच्या आकड्यापेक्षा खरा.

निम्मे का, त्याचे कारण काळी माती. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. जूनचा पहिला पाऊस त्या भेगा पितात, म्हणून जूनमध्ये ४० मिलीमीटर पडूनही नाला शांत दिसतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि सप्टेंबरपर्यंत तीच जमीन ताटासारखी होते. तिच्यावरून पाणी सिमेंटच्या रस्त्यावरून वाहावे तसे वाहते. जून पाहून सप्टेंबरचा अंदाज बांधणे ही या शहरातली सगळ्यात जुनी चूक आहे.

आता नाला. एक चौरस किलोमीटरची, बरीचशी बांधलेली वस्ती धरू. तासाला ६० मिलीमीटरच्या वेगाने पाऊस अर्धा-पाऊण तास टिकला आणि पडलेल्यापैकी ८० टक्के पाणी वाहून आले, तर नाल्याच्या तोंडाशी दर सेकंदाला सुमारे १३ घनमीटर पाणी येते. तीन मीटर रुंद, दोन मीटर खोल, स्वच्छ नाल्यातून दोन मीटर प्रतिसेकंद वेगाने १२ घनमीटर जाते. म्हणजे साफ नालासुद्धा थोडा कमीच पडतो. आता तळाशी अर्धा मीटर गाळ बसला असे समजा. खोली एक चतुर्थांश कमी झाली, पण वहनक्षमता जवळपास एक तृतीयांश घटते, कारण पाणी कमी झाले तरी त्याला घासणारा तळ तेवढाच राहतो आणि वेगही पडतो. आता १२ ऐवजी आठच्या आसपास घनमीटर जाते. उरलेले पाच घनमीटर, म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर, दर सेकंदाला रस्त्यावर रिकामा होतो. अर्धा मीटर गाळाला आपल्याकडे 'थोडासा गाळ' म्हणतात.

गाळापेक्षाही वाईट असतो पुलाखालचा पडदा. तो तयार कसा होतो ते एकदा जवळून पाहावे. पुलाच्या मोरीतून, म्हणजे पुलाखालच्या पाण्याच्या वाटेतून, कोणीतरी नळाचा पाइप आडवा नेलेला असतो, शेजारी केबलच्या दोन नळ्या. पहिल्या पाण्यात त्यावर एक बाभळीची फांदी अडकते. फांदीला पन्नी गुंडाळते, पन्नीत नारळाच्या शेंड्या, मग मखराचा थर्माकोल, चुंदडीचा तुकडा, जुनी गादी. दोन तासांत त्याची चटई विणली जाते आणि पाण्याच्या दाबाने ती इतकी घट्ट बसते की बांबूने हलत नाही. मोरी कागदावर चार मीटरची, प्रत्यक्षात एक मीटरची. वरच्या बाजूला पाणी चढते, पुलाच्या कठड्यावरून उलटते आणि शेजारच्या लेआउटमध्ये शिरते. त्या लेआउटमधल्या लोकांना वाटते की नदी फुगली. वास्तविक नदीला खाली जागा असते, ती मोरीत अडलेली असते.

म्हणून अभियंत्यांना विनंती: पोळ्याच्या सफाईत आधी पूल आणि मोऱ्या, मग नाल्याची लांबी. मोरीतून जाणारे आडवे पाइप आणि केबल पुलाच्या बाहेरून, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, कठड्याच्या उंचीवर न्या. कचरा अडवायची जाळी मोरीच्या अगदी तोंडावर उभी लावू नका. ती वरच्या अंगाला दहा-पंधरा मीटर मागे, ४५ अंशांत तिरकी असावी, म्हणजे कचरा वर सरकतो आणि काठावर उभे राहून लांब दांड्याच्या पंजाने ओढता येतो. उभी जाळी पहिल्या अर्ध्या तासात भिंत होते, आणि मग भर पावसात तिथे माणूस उतरवावा लागतो, जे कधीही करू नये. काढलेला गाळ काठावर वाळत ठेवायची पद्धत तर बंदच करा. निथळायला एक दिवस पुरे, दुसऱ्या दिवशी उचल. काठावरचा ढीग पहिल्या सरीत जिथून काढला तिथेच परत जातो आणि सफाईचे पैसे दोनदा लागतात.

तलावांच्या सांडव्याबद्दल थोडे. २०२३ च्या पुरानंतर अंबाझरीच्या सांडव्यासमोरच्या बांधकामाचा आणि नदीच्या अरुंद पात्राचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. त्या वादात आम्ही येथे पडत नाही. फक्त त्यामागचे गणित सर्वांना माहीत हवे. सांडव्यावरून जाणारे पाणी त्याच्या रुंदीच्या प्रमाणात आणि वरून वाहणाऱ्या थराच्या उंचीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात असते. रुंदी अर्धी झाली तर तेवढेच पाणी जायला थराची उंची १.६ पट व्हावी लागते. म्हणजे जिथे ५० सेंटिमीटर पुरत होते तिथे ८० लागतील. ते जादा ३० सेंटिमीटर तलावाच्या पाळीवर चढतात, आणि मातीच्या पाळीवरून पाणी गेले तर पाळ टिकत नाही. उलट्या बाजूने, सप्टेंबर लागताना तलावाची पातळी ३० सेंटिमीटर खाली ठेवली तर दर हेक्टर पाणक्षेत्रामागे ३० लाख लिटरची रिकामी जागा मिळते. पहाटेच्या त्या पहिल्या तासाला एवढी जागासुद्धा फार मोलाची आहे. तलाव भरलेला पाहून आपल्याला आनंद होतो, तो खरा आहे. पण शहराच्या डोक्यावरचा तलाव ऑगस्टअखेर थोडा रिता असावा.

अंबाझरीपासून सीताबर्डी नदीच्या वाटेने तीन-चार किलोमीटर. पाणी दोन मीटर प्रतिसेकंद वेगाने आले तर अर्ध्या तासात पोहोचते. म्हणजे सांडव्यावर पाणी वाढले हे ज्या क्षणी कळते, त्यानंतर खालच्या वस्तीकडे साधारण ३० मिनिटे असतात. ती ३० मिनिटे वापरायची तर निरोप पोहोचायला पाचच मिनिटे लागली पाहिजेत. प्रत्येक पुलाच्या खांबावर पातळीपट्टी रंगवा: हिरवा, पिवळा, लाल, आणि शेजारी मोठ्या आकड्यांत मीटर. रात्री टॉर्चमध्ये दिसेल असा चमकणारा रंग वापरा. वरच्या पुलावरचा माणूस खालच्या वस्तीच्या गटावर फक्त रंग आणि वेळ लिहील, एवढीच शिस्त ठेवा. लांबलचक संदेश आणि जुने व्हिडिओ त्या रात्री माणसे मारतात.

आता सोसायट्यांसाठी. सगळ्यात जास्त चुका तळघरात होतात.

तळघरात पंप आहे, म्हणून आपण सुरक्षित आहोत असे बहुतेक मंडळे मानतात. पंप रॅम्पवर पडणाऱ्या पावसासाठी असतो. ६० चौरस मीटरच्या रॅम्पवर तासाला १०० मिलीमीटर पाऊस झाला तरी मिनिटाला १०० लिटरच होतात, ते एक हॉर्सपॉवरचा पंप सहज उपसतो. पण रस्त्यावरचे पाणी रॅम्पच्या उंबरठ्यावरून आत वळले की हिशेब बदलतो. चार मीटर रुंद रॅम्प, त्यावरून फक्त १० सेंटिमीटरचा थर आत येतोय, तर दर सेकंदाला दोनशेहून अधिक लिटर आत पडतात. ४०० चौरस मीटरच्या तळघरात गुडघाभर पाणी व्हायला सोळा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. थर २० सेंटिमीटरचा झाला तर साडेपाच मिनिटे. पंप सेकंदाला चार-पाच लिटर काढत असतो. त्यामुळे पैसे दुसऱ्या पंपावर घालू नका, रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा बांधा. रस्त्याच्या सगळ्यात उंच भागापेक्षा तो किमान ३० सेंटिमीटर वर हवा. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवा, म्हणजे वेळेला त्यात फळ्या सरकवून आणखी ६० सेंटिमीटर अडवता येतात. फळ्यांना खाली रबराची पट्टी लावा आणि त्या रॅम्पशेजारीच टांगा, गच्चीवरच्या खोलीत कुलूप लावून नको. सिमेंटचा रस्ता नवीन झाला की त्याची उंची वाढते, तेव्हा उंचवटा पुन्हा मोजा. जुन्या लेआउटमधली निम्मी तळघरे याच कारणाने बुडतात.

तळघरात कोणी झोपू नये. चौकीदाराची खाट, कामगारांची खोली, तिथले स्वच्छतागृह, सगळे वर हलवा. कारण दार. ९० सेंटिमीटर रुंदीच्या, पाण्याच्या दिशेने ढकलून उघडायच्या दारावर बाहेर ३० सेंटिमीटर पाणी असेल तर ते सुमारे ४० किलोचा रेटा देते. पाणी ६० सेंटिमीटर झाले की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो: १६० किलो. एकट्या माणसाला ते दार उघडत नाही. गुडघ्याखाली पाणी आहे तोवरच निघायचे, याचे कारण हे आहे.

वाहत्या पाण्याचेही तसेच. गुडघाभर पाणी मीटरभर प्रतिसेकंद वेगाने येत असेल तर दोन पायांवर सुमारे आठ किलोचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की तेहतीस किलो. त्यात तळ दिसत नाही, गडरच्या चेंबरचे झाकण कोणीतरी पाणी जावे म्हणून उघडलेले असते. कृपया झाकण उघडू नका. सांडपाण्याची लाइन त्या वेळी आधीच भरलेली असते, तिथून पाणी आत जाण्यापेक्षा बाहेर येते. उघडावेच लागले तर त्यात उंच बांबू रोवून लाल कापड बांधा आणि शेजारी माणूस उभा करा. गाडी सुद्धा ३० सेंटिमीटरच्या वाहत्या पाण्यात उचलली जाऊ लागते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. इंजिनात गेलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि तशीच टो करून न्या.

आवारभिंतीकडे कोणी पाहत नाही. नऊ इंची विटेची, दीड मीटर उंच भिंत, एका बाजूला मीटरभर पाणी साचले तर दर मीटर लांबीला अर्ध्या टनाचा रेटा बसतो. तिच्या स्वतःच्या वजनाच्या सावरणाऱ्या जोरापेक्षा पाण्याचा उलथवणारा जोर दुपटीहून अधिक असतो. ती पडतेच, आणि पडते तेव्हा मागचे सगळे पाणी एका लाटेत शेजाऱ्याच्या अंगणात जाते. उतारावरच्या प्रत्येक आवारभिंतीला तळाशी, दर दोन-अडीच मीटरवर, वीतभर उंचीची गजांची खिडकी ठेवा. पाणी आपल्या अंगणातून जाऊ द्यायला मन तयार होत नाही, हे आम्हाला समजते. पण ते अडवले तर भिंतीसकट येते.

विजेचे थोडक्यात, पण हे चुकवू नका. मीटरपेटी तळमजल्याच्या जमिनीपासून किमान दीड मीटर वर हवी. तळघरात असेल तर या उन्हाळ्यातच हलवून घ्या. पाणी पेटीपर्यंत यायच्या आत, कोरड्या जागी उभे राहून मुख्य स्विच बंद करा. पाण्यात उभे असाल तर हात लावू नका, १९१२ वर महावितरणला कळवून रोहित्रावरूनच पुरवठा बंद करून घ्या. मुख्य स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर घराला वीज देतच राहतो, तो वेगळा बंद करायचा. गच्चीवर सोलर असेल तर उजाडले की पॅनेलमध्ये वीज येते, तिचा डीसी स्विचही पाडा. गॅसचा भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो: तो सुमारे ३० किलोचा असतो आणि पाणी त्याहून जास्त वजनाचे बाजूला सारतो. रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधा.

पाणी ओसरल्यावर जमिनीखालच्या टाकीचे पाणी स्वच्छ दिसले तरी वापरू नका. टाकी उपसा, भिंती घासा, गाळ काढा. मग भरून दर १००० लिटरला १५० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ पाणी वरून ओता आणि बारा तास ठेवा. ते पाणी पूर्ण सोडून द्या, पिऊ नका. त्यानंतरच्या भरण्याला १००० लिटरमागे अडीच ग्रॅम पावडर पुरते, तासभर थांबून वापरायचे. उघड्या पुड्यातली, ओल लागलेली पावडर निकामी असते, तिला वास राहिलेला नसतो. जमीन चिंब असताना मोठी टाकी एकदम पूर्ण रिकामी ठेवू नका. खालच्या पाण्याच्या दाबाने रिकामी टाकी वर उचलली जाते आणि तिचे जोड तुटतात.

इतके सगळे एका मंडळाला एका महिन्यात जमणार नाही. म्हणून क्रम सांगतो. आधी तळघरातली झोपायची जागा आणि मीटरपेटी. मग रॅम्पचा उंचवटा. मग डबा आणि वही. भिंतीच्या खिडक्या पुढच्या उन्हाळ्यात.

झोन कार्यालयांकडून आम्हाला एक गोष्ट लेखी हवी आहे. आपल्या झोनमधल्या प्रत्येक नाल्याच्या प्रत्येक पुलावर एक पत्र्याची पाटी लावा. तिच्यावर तीन ओळी: मोरीची रुंदी आणि उंची मीटरमध्ये, मेमधल्या सफाईची तारीख, पोळ्याच्या सफाईची तारीख. तिसरी ओळ गणपती बसायच्या दिवशी रिकामी दिसली तर त्या पुलाशेजारचे रहिवासी मंडळ फोटो काढून तुमच्याकडे घेऊन येईल, आणि त्याच दिवशी मोरीत माणूस उतरावा, एवढी आमची विनंती आहे.

रात्री-अपरात्री मदत लागली तर ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. हे चारही आकडे चौकीदाराच्या खोलीत भिंतीवर तेलरंगाने लिहा. कागद पहिल्या पावसात भिजतो.

आपले,
नागपुरात पाण्याचा निचरा, पूल आणि हवामान या विषयांत काम करणारे काही नागरिक